बसायला कारण लागत नाही

मी एक डुलती खुर्ची बोलतेय. ऐकता ऐकता तुमचे डोळे मिटले तर संकोच करू नका. मला राग येणार नाही, उलट माझं बोलणं सार्थकी लागलं असंच मी समजेन. माणसांना जागं ठेवायला जगात बाकी सगळे आहेतच. झोपवायला कुणीतरी हवं ना!

माझा जन्म एका सुताराच्या शेडमध्ये झाला. दुपारच्या तिरिपेत तिथे लाकडाचा भुसा तरंगत राहायचा. खाली बसायची त्याला कसलीच घाई नसायची. सुतारानं माझ्या पायाखालच्या दोन पट्ट्या वाफेवर नरम करून वाकवल्या, बसायच्या जागी बारीक वेत विणला आणि मी नीट डुलते का हे बघायला स्वतःच टेकला. टेकला तो घोरायलाच लागला. बायको चहा घेऊन आली, तिनं त्याला एकदोन हाका मारल्या आणि कप शेजारच्या फळीवर ठेवून हसत निघून गेली. चहा गार झाला. सुताराच्या स्वप्नात एक मोठं झाड होतं आणि त्याला ते तोडायचं नव्हतं, नुसतं त्याच्याखाली बसायचं होतं.

हो, मला स्वप्नं दिसतात. माझी नव्हे, बसणाऱ्याची. माणूस माझ्यात डुलायला लागला, त्याची मान कलली, की त्याच्या मनातलं अर्धंमुर्धं माझ्या वेतातून झिरपत येतं. म्हणून ज्या घरांची पायरीही मी चढले नाही, तिथला दिवा कुठल्या कोपऱ्यात असतो हे मी सांगू शकते. मी चहाडखोर मात्र नाही. आज सांगतेय ते त्या माणसांचं भलं झालं म्हणून.

मला एका शिंप्यानं विकत आणलं. भला माणूस, हातात कसब, आणि जिभेवर कायम एकच वाक्य. एवढी ऑर्डर उरकली की निवांत बसतो. त्यानं मला दुकानात मशीनशेजारी ठेवलं. पण ऑर्डरीमागून ऑर्डर येत गेली आणि माझ्यात शिंप्याऐवजी तयार कपडे बसायला लागले. कुणाचा कोट, कुणाच्या मुलीचा झगा, पोलिसांचे गणवेश. गणवेशांना स्वप्नं पडत नाहीत. मी वर्षानुवर्षं जागीच राहिले.

शिंप्याची लेक लहान होती तेव्हा ती कपड्यांच्या ढिगात शिरून माझ्यात लपायची. बाप तिला शोधायचा नाही. त्याला तेवढीही फुरसत नसायची. ती बिचारी लपून लपून कंटाळायची आणि आपणच बाहेर यायची.

मग एक दिवस शिंप्याला सुईत दोरा ओवता येईना. हात थरथरत होते आणि छातीत कळ येत होती. डॉक्टरांनी काम बंद करायला सांगितलं, तेव्हा कुठे माझ्यावरचे कपडे उचलले गेले आणि तो माझ्यात बसला. पण त्याच्या पायात मला डुलवण्याइतकंही त्राण नव्हतं. लेक मागे उभी राहून हलक्या हातानं मला डुलवायची. अशी एक थंडी गेली, आणि शिंपीही गेला.  लेक एकदा माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "बाबा, तुम्ही जरा आधी बसायला हवं होतं."

त्या वाक्यानं तिच्या आयुष्याला वळण दिलं. ती मनाचं शास्त्र शिकली आणि मोठेपणी ज्यांच्या कामात जिवाला घोर असतो अशा माणसांकडे जायला लागली. माणूस कोलमडल्यावर त्याला सावरणारे पुष्कळ असतात, मला त्याच्या आधी पोचायचंय, असं ती म्हणायची. मला टेम्पोत घालून तिनं जिथे नेलं तिथेच मी आजही आहे.

ती जागा म्हणजे ॲम्ब्युलन्ससाठी येणारे फोन घेण्याचा हॉल. शहरात कुणाला काही झालं की लोक घाबऱ्याघुबऱ्या जो नंबर फिरवतात, तो इथे वाजतो. कानाला हेडफोन लावलेली माणसं आधी पत्ता विचारतात, मग श्वास चालू आहे का ते विचारतात आणि ॲम्ब्युलन्स दारात पोचेपर्यंत फोनवर धीर देत राहतात. पोचली की फोन बंद. पुढे त्या माणसाचं काय झालं हे यांना बहुधा कधीच कळत नाही. शेवट नसलेल्या गोष्टी पोटात घेऊन बिचारे घरी जातात, आणि दुसऱ्या दिवशी नव्या गोष्टी.

हॉलला लागून एक खोली होती. मोडके कीबोर्ड, तुटके हेडफोन आणि एक पंखा, ज्याला कुणी फेकतही नव्हतं आणि दुरुस्तही करत नव्हतं. शिंप्याच्या लेकीनं ती रिकामी करून घेतली, खिडकीला फिका निळा पडदा लावला आणि मधोमध मला ठेवलं. हॉलच्या बाजूला एक काच होती, तिच्यातून मला सगळे दिसायचे. मग तिनं सगळ्यांना बोलावून रीत सांगितली. रोज प्रत्येकाचा नंबर येईल. नंबर आला की आधी बसून आलेला माणूस खांद्यावर हात ठेवून म्हणेल, तुझी खुर्ची. मग हेडफोन त्याच्या हातात द्यायचा आणि इथे येऊन बसायचं. दमलेले असा नसा, रडू येवो न येवो. आत काय केलं हे कुणी विचारायचं नाही. बसायला कारण लागत नाही.

"आणि फारच नड असेल तर आपसात नंबर बदलून घ्या," असं तिनं जाता जाता जोडलं. ते लक्षात ठेवा.

सुरुवातीला माणसं माझ्यात कशी बसायची म्हणता! नोकरीच्या मुलाखतीला आल्यासारखी, अगदी कडेवर. हॉलच्या साहेबांनी आधी मला बोटानं दाबून पाहिलं, मग एक डोळा दारावर ठेवून बसले आणि काही वेळानं दोन्ही डोळे मिटून चक्क शाळेच्या मैदानात पोचले. भोंगा नावाचा एक गडी होता. आवाज असा की पलीकडच्या माणसाला फोनशिवायही ऐकू जावा. म्हणून ते नाव. तो पहिल्या दिवशी म्हणाला, असले लाड आपल्याला नकोत. दुसऱ्या आठवड्यात त्याचा नंबर चुकून राहून गेला तर त्यानं हॉल डोक्यावर घेतला. त्याच्या स्वप्नात तो नेहमी कुजबुजत असायचा आणि सगळ्यांना ऐकू जायचं. हळूहळू खोलीला डुलक्यांची सवय झाली. दुपारचं ऊन पडद्यातून निळसर होऊन यायचं आणि मी मागे-पुढे, मागे-पुढे.

एकच जण माझ्यात बसली नाही. तिला सगळे गारवाताई म्हणायचे. तिचा आवाजच तसा होता. फोनवर कुणी आक्रोश करत असलं तरी ही म्हणायची, "मी आहे ना. मला फक्त पत्ता सांगा," आणि समोरचा निवायचा. हॉलमधल्या नव्या माणसांना शिकवायचं तिनं, कठीण फोन घ्यायचा तिनं. आणि खुर्चीचा नंबर आला की ती कुणाकडे तरी बघायची. भोंग्याचा आवाज चढलाय, त्याला जाऊ द्या. तिचं पोर आजारी आहे, तिला माझा नंबर द्या. लोकांना तिचं किती कौतुक! मीही काचेतून पाहत होते आणि खरं सांगते, मलाही वाटायचं, काय माया आहे या बाईची.

माया होतीच. पण ती ज्या भांड्यातून वाढत होती त्याचा तळ दिसायला लागला होता. चहा ढवळता ढवळता ती थांबायची आणि कपाकडे बघत राहायची. डबा उघडून तसाच बंद करायची. हसायची, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर. शिंप्याची लेक आठवड्यातून एकदा यायची, तिनं विचारलंही. गारवाताई म्हणाली, "माझं छान चाललंय मॅडम. तुम्ही भोंग्याकडे बघा." आणि त्याच आवाजात म्हणाली, ज्यानं सगळे निवायचे. मॅडमही निवल्या.

एकदा तिच्या मुलीचा फोन आला. मुलगी शाळेतून घरी पोचली की आईला फोन करायची, रोजचा शिरस्ता. त्या दिवशी ती म्हणाली, आई, मी घरी आले. आणि गारवाताई उत्तरली, "मला फक्त पत्ता सांगा."

सगळे खळखळून हसले. फोनवर मुलगीही हसली असावी. पुढे कित्येक दिवस मोबाइल वाजला की भोंगा तिला पत्ता विचारून चिडवायचा. मला मात्र हसू येईना. आपल्या लेकीचा आवाज ज्या कानाला परक्या माणसाचा वाटला, तो कान किती शिणला असेल!

आणि मग ती दुपार आली. काही वेगळी नव्हती. एका माणसानं फोन केला की त्याचे सासरे जिन्यात कोसळलेत, बोलत नाहीत. गारवाताईनं पत्ता विचारला, त्यानं सांगितला, तिनं टाइप केला आणि ॲम्ब्युलन्स निघाली. ती त्याला छाती कशी दाबायची ते शांतपणे सांगत होती. तिची पाठ सरळ होती, आवाज गार होता. कुणाला शंका यावी असं काही नव्हतं. पण बोटांनी जो पत्ता टाइप केला होता तो त्या माणसानं सांगितलेला नव्हता. तो तिच्या स्वतःच्या घराचा होता.

असं का झालं, हे मला पुढे तिच्या डुलकीतून कळलं. कित्येक महिने ती शरीरानं बसलेली असायची हॉलमध्ये आणि मनानं उभी असायची आपल्या घराच्या दारात. सासूबाईंनी गोळी घेतली असेल का, पोरगी जेवली असेल का, नवरा परगावाहून कधी येईल. थकलेलं मन सारखं घरी जायला बघत होतं. त्या दुपारी ते गेलं, आणि जाताना ॲम्ब्युलन्सही घेऊन गेलं.

सायरन वाजवत गाडी तिच्या बिल्डिंगखाली थांबली. सासूबाई दारात येऊन म्हणाल्या की मी तर ठणठणीत आहे, तुम्हाला कुणी बोलावलं. तेवढ्यात मुलगी शाळेतून येत होती. तिनं गाडीवरचं नाव वाचलं. ही आईच्या ऑफिसची गाडी. तिनं तिथूनच आईला फोन लावला.

गारवाताईचा मोबाइल थरथरला. हेडफोनमध्ये तो माणूस विचारत होता की गाडी अजून का येत नाही. तिनं दुसऱ्या कानाला मोबाइल लावला. हॉल इतका शांत झाला होता की काचेपलीकडून मलाही ऐकू आलं.

"आई, आपल्या खाली ॲम्ब्युलन्स आलीय." पोरीला रडू आवरत नव्हतं. "तू आत आहेस का?"

गारवाताईनं कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा पत्ता वाचला. तिचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो आवाज आला नाही. भोंग्याची खुर्ची धाडकन मागे पडली. त्यानं तिच्या कानावरचा हेडफोन काढून आपल्या कानाला लावला, पत्ता पुन्हा विचारला, जवळची दुसरी गाडी वळवली आणि तो भसाड्या आवाजाचा माणूस फोनवर इतकं हळू, इतकं गोड बोलायला लागला की मी त्याची स्वप्नं पाहिलेली नसती तर मला ओळखू आलं नसतं. गाडी पोचली. म्हातारबाबा वाचले, पण अगदी थोडक्यात. जिन्याच्या आणखी एका मजल्याइतका उशीर झाला असता तर काय झालं असतं, हे इथे कुणी बोलून दाखवत नाही.

गारवाताईनं मोबाइलमध्ये फक्त एवढंच म्हटलं, "मी बरी आहे गं. मी इथे आहे." मग ती उठली आणि पर्स शोधायला लागली. पर्स तिच्या खांद्यालाच होती.

साहेब म्हणाले, रीतसर चौकशी होईल, तोवर फोन घेऊ नका. ती म्हणाली की आता कधीच घेणार नाही. माझ्या हातून माणूस गेला असता. मी उद्यापासून येत नाही.  भोंगा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. निरोप मिळाला तशी शिंप्याची लेक धावत आली, आणि गारवाताईला घेऊन माझ्या खोलीत शिरली.

"मॅडम, समजूत घालू नका," गारवाताई म्हणाली. "मी चुकले."

"चुकलात," शिंप्याची लेक म्हणाली. "आणि नंबर बदलून घ्या असं सांगून मीही चुकले. तुम्ही तुमचं बसणं वाटत सुटलात आणि आम्ही सगळे घेत राहिलो. आता तुम्हाला नोकरी सोडायचीय की नाही, हे आज ठरवू नका. आज फक्त बसा."

"मला बसता येत नाही हो." हे ती इतक्या खऱ्या काकुळतीनं म्हणाली की मला भडभडून आलं. लाकडाला जेवढं येतं तेवढं.

ती बसली. पण पाय जमिनीवर असे रोवून बसली की मला हलताच येईना. तिच्या पायाच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या. शिंप्याची लेक मागे उभी राहिली नाही. ती खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत राहिली. डुलवायचं असेल तर हिनं स्वतःच डुलायचं, हे तिला माहीत होतं. मी वाट पाहिली. पडद्यातलं ऊन भिंतीवरून सरकत गेलं. बऱ्याच वेळानं गारवाताईच्या टाचा किंचित उचलल्या गेल्या आणि मी अगदी हळू, तिला कळणारही नाही इतकी, मागे गेले.

ती रडली. मग झोपली. आणि मी तिचं स्वप्न पाहिलं.

स्वप्नात सगळं शहर पाण्याखाली होतं, पण कुणी बुडत नव्हतं. घराघरांची दारं उघडी होती, पडदे पाण्यात संथ हलत होते. फोन वाजत होते, लांबून, गुदगुल्या केल्यासारखे. गारवाताई घाबरून एक फोन उचलायची आणि पलीकडून कुणीतरी म्हणायचं, काही नाही ताई, आम्ही बरे आहोत, एवढंच सांगायला केला. दुसरा उचलायची, तिथेही तेच. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून तिनं ज्यांना ज्यांना धीर दिला होता आणि ज्यांचं पुढे काय झालं हे तिला कधी कळलं नव्हतं, ते सगळे एकेक करून फोन करत होते. सगळेच बरे असतील असं नाही, हे मला ठाऊक आहे. स्वप्नाला ठाऊक नव्हतं, आणि ते बरंच झालं.

पुढचं काही जादूनं घडलं नाही. चौकशी झाली. तिला बरेच दिवस फोनपासून दूर ठेवलं. त्या काळात ती घरी नीट झोपली, नवऱ्यानं बदली मागून घेतली, सासूबाईंनी आपल्या गोळ्या आपण घ्यायचं कबूल केलं. शिंप्याच्या लेकीकडे ती नेमानं जात राहिली. मुलीला मात्र सायरन ऐकला की अजून कापरं भरायचं. कुठेही असली तरी आधी आईला फोन लावायची, आणि आईनं उचलला नाही तर उचलेपर्यंत लावत राहायची. गारवाताईला त्याचीच सल होती. हॉलमध्ये परत जायचं की नाही, हे त्या सलीनंच अडवून धरलं होतं. शेवटी मुलगीच म्हणाली म्हणे, जा, पण बसत जा.

ती परत आली. नियम बदलला होता, आपला नंबर कुणाला देता येत नव्हता. परवाच एक नवीन बाई तिला म्हणाली की ताई, तुम्ही तर छान हसताखेळताय, तुमचा नंबर मला द्या ना, मी फार दमलेय. गारवाताईनं तिला लगेच दुसऱ्या खोलीत मॅडमकडे धाडलं, तिच्या जागी माणूस बसवला आणि स्वतः माझ्याकडे आली.

"आज मी बरी आहे," ती दाराशी भोंग्याला म्हणाली. "म्हणूनच बसते."

आता माझा वेत मधोमध झोळीसारखा झालाय. एका पट्टीला पत्र्याची चकती मारलीय, ती फरशीवर टकटक करते. आणखी किती वर्षं डुलेन माहीत नाही, पण तक्रार नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. मोडून पडल्यावर माझ्याकडे येऊ नका. तेव्हाही मी घेईनच, पण तेव्हा मला फार थोडं करता येतं. हातात काम असताना, पायात डुलवण्याइतका जोर असताना या. दमणं हा गुन्हा नाही, आणि दमायच्या आधी थांबणं ही चैन नाही.

आणि हे बघा, बाहेर रस्त्यावरून एक सायरन गेला आणि टेबलावर ठेवलेला गारवाताईचा मोबाइल वाजला. तिचे डोळे माझ्यात मिटलेले आहेत. भोंग्यानं फोन उचलून स्पीकरवर टाकला. काचेतून मला त्याचा भसाडा आवाज ऐकू येतोय.

"आई ना? आत खुर्चीत बसलीय. उठवू का?"

 पलीकडून पोरीचा मोकळा श्वास.

"नको काका. बसू दे तिला."